शेऱ्याचा रकाना

माझं संशोधन मी पहिल्यांदा धड पाहिलं, ते दोरीवर वाळत घातलेलं.

हॉस्पिटलच्या मागे सायकली ठेवायची पत्र्याची शेड आहे. दुपारची वेळ होती, बाहेर भुरभुर पाऊस. विभागात लवकर पोचावं म्हणून मी शेडमधून आडवी निघाले आणि थबकलेच. दोन खांबांमध्ये नायलॉनची दोरी, दोरीला कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना माझे फॉर्म. वर माझ्या अभ्यासाचं शीर्षक, खाली माझी सही. एक उंचेला माणूस पाठमोरा उभा राहून एकेक कागद रुमालानं टिपत होता... लहान मुलाचं डोकं पुसावं इतक्या हलक्या हातानं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तो वळला. मला ओळखलं असावं, कारण क्षणभर त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग म्हणाला, "वाळवण."

"पावसात भिजवलेत?"

"पाऊस नाही... चहा. थर्मासचं झाकण सैल राहिलं." आणि वर अगदी गंभीरपणे, "बिनसाखरेचा होता. मुंग्या लागणार नाहीत."

मला रागवायचं होतं. खरंच रागवायचं होतं. पण ओठ दगा देऊ लागले, म्हणून मी तोंड फिरवून फॉर्म मोजायला लागले.

मी कॅन्सरवर रेडिएशन देणारी डॉक्टर. आमचा विभाग तळघरात, जाड भिंतींच्या आत. आजार हाडांत पसरला की माणूस दुखण्यानं हैराण होतो. त्या जागेवर किरण दिले तर आजार जात नाही, पण दुखणं निवतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी दोन आठवडे रोज येऊन दहा वेळा त्या मशीनखाली झोपावं लागायचं. माझा प्रश्न साधा होता - ज्याच्याकडे दिवस थोडे उरलेत त्याला दहा खेपा कशाला, एकाच खेपेत भागत नाही का? चिठ्ठी टाकून निम्म्या लोकांना एक खेप द्यायची, निम्म्यांना दहा. मग तीन महिने दर आठवड्याला कुणीतरी घरी जाऊन विचारायचं: शून्य ते दहात आज दुखणं किती? तो आकडा म्हणजे माझं संशोधन.

आणि तो आकडा विचारायला जाणारा माणूस म्हणजे हा. वर तिसऱ्या मजल्यावर पॅलिएटिव्ह विभाग आहे. जिथे बरं करणं हातात उरत नाही तिथे निदान त्रास कमी करायचा, हे त्यांचं काम. हा त्यांचा घरोघर जाणारा नर्स. हॉस्पिटलात पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात, तसं यालाही ब्रदर. मेट्रनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा ब्रदर.

ओल्या कागदांवर मला आणखी एक गोष्ट दिसली. आकड्याचा चौकोन भरलेला होताच, पण शेजारी 'शेरा' नावाचा जो रकाना मी केवळ रीत म्हणून ठेवला होता, तो मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांनी गच्च भरलेला. 'आज चार. जिना उतरून मांजर शोधायला गेल्या.' 'दोन. मुलाचं पत्र आलं.' 'सहा सांगितला. सून खोलीतून गेल्यावर आठ सांगितला.'

मी म्हटलं, कॉम्प्युटर शेरे वाचत नाही.

"कॉम्प्युटरला नका देऊ," तो म्हणाला. "तुम्ही वाचा ना."

त्या संध्याकाळी मी एक्केचाळीस फॉर्म घरी नेले. चहाच्या वासाचे. सगळे शेरे वाचून झाले तेव्हा लक्षात आलं की मी जेवायची विसरलेय.

मग दर शुक्रवारी चार वाजता तो फॉर्म द्यायला तळघरात यायला लागला. पूर्वी तो गठ्ठा काउंटरवर ठेवून जायचा म्हणे. आता माझ्या टेबलापर्यंत येऊन एखादा शेरा समजावून सांगायचा - समजावून सांगण्यासारखं त्यात काही नसलं तरी. मीही न समजल्यासारखं दाखवायचे. दोघंही कामाचे पक्के.

पंचाईत एकच होती. मला त्याला ब्रदर म्हणवेना. जीभच वळेना. नाव घेण्याइतकी ओळख झाली नव्हती, आणि ओळख जेवढी वाढत होती तेवढं नाव घेणं अवघड होत होतं. एकदा कॉरिडॉरमध्ये तो पुढे चालला होता, मी हाक मारायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "अहो..."

मेट्रन तिथेच उभ्या होत्या. औषधांच्या ट्रेवरून नजरही न काढता त्या म्हणाल्या, "ब्रदर, तुम्हाला घरून हाक आलीय."

तो वळला तेव्हा त्याचे कान लाल होते. माझं काय झालं होतं ते मी पाहू शकत नव्हते, हे बरंच.

याच सुमारास बाबा लंगडायला लागले.

आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे तराजू तपासत हिंडले. काटा एक दाणा इकडेतिकडे असला तरी त्यांना खपायचं नाही. असा माणूस दोन महिने मुलीसमोर सरळ चालायचं नाटक करत होता, आणि दिवसभर परक्यांची हाडं बघणाऱ्या मला ते दिसलं नाही. दिसलं ते शेवटी माझ्याच विभागात, माझ्याच पडद्यावर. खुब्याच्या हाडात पांढरे डाग. मूळ आजार प्रोस्टेटचा, आणि पसरलेला. मी पडद्यापुढे उभी राहिले आणि सवयीनं डाग मोजायला लागले. सातपर्यंत मोजले. मग मोठे सर आले आणि त्यांनी पडदा बंद केला.

आमचे मोठे सर विभागप्रमुख. घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, म्हणून बाबांना त्यांनीच हातात घेतलं. खुब्याला एकच खेप दिली. पहिले तीन दिवस दुखणं उलट वाढलं, मग उतरत गेलं आणि तिसऱ्या आठवड्यात बाबा काठी न घेता गच्चीपर्यंत जाऊन आले. मी इतकी वर्षं जे कागदावर लिहीत होते, ते माझ्या घरात चालून दाखवत होतं.

घरी बघायला पॅलिएटिव्हचं माणूस लागणारच होतं. मंगळवारी आणि गुरुवारी. दारावरची बेल वाजली आणि मी उघडलं, तर समोर तोच, खांद्याला बॅग. 

"कोण आहे गं?" बाबांनी आतून विचारलं.

"हॉस्पिटलमधून... आलेत," मी म्हटलं.

बाबांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून सूत जुळलं. तो आकडा विचारायचा, बाबा म्हणायचे साडेचार. तो म्हणायचा, साडे चालत नाही, चार किंवा पाच सांगा. बाबा म्हणायचे, तुमचा काटा बरोबर नाही, जप्त करायला हवा. अर्धा अर्धा तास ही घासाघीस चालायची आणि शेवटी तो वहीत साडेचारच लिहायचा. बाबांच्या लक्षात सगळं येत होतं. तराजू तपासणाऱ्या माणसाची नजर. एकदा तो गेल्यावर ते मला म्हणाले, "रक्तदाब माझा बघतो, आणि लक्ष स्वयंपाकघरात. आकडा चुकायचा एखाद दिवशी."

त्याचं यायचं म्हणजे तासाभराचं काम. ते दीड तासावर गेलं, मग दोनवर. बाबांना डोळा लागला की आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा प्यायचो. कप तो विसळायचा, मी पुसायचे. त्यानं सांगितलं की आधी तो अतिदक्षता विभागात होता. तिथे शेवटच्या क्षणी नातेवाइकांना बाहेर काढायचे, आणि बाहेर काढण्याचं काम त्याचं. सहा वर्षं लोकांना दाराबाहेर काढलं आणि एक दिवस त्यानं बदली मागितली.

एका गुरुवारी कप विसळून झाले, पुसून झाले, तरी तो उभाच.

"माझं इथलं काम पावणेपाचलाच संपतं," तो म्हणाला. "आणि मी जात नाही. हे... तुमच्या लक्षात आलंय का?"

"आलंय."

"मग काही शेरा?"

"लिहिलाय की कधीचा," मी फडक्याशी चाळा करत म्हटलं. "वाचणाऱ्यानं वाचावा."

त्यानं माझ्या हातातलं फडकं घेतलं, घडी घातली, नळाला लटकवलं. जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट वेळ लावला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा माझे पेशंट आहेत. ते आहेत तोवर मी या घरात फक्त ब्रदर आहे."

"हे वाक्य फार वाईट आहे," मी म्हटलं.

"मला माहितीय," तो म्हणाला, आणि हसला. मीही हसले. आम्ही ज्या दिवसाची वाट पाहायचं ठरवत होतो, तो दिवस नेमका कुठला, हे हसताना दोघांनाही कळत होतं. त्यामुळे हसू फार वेळ टिकलं नाही.

पाच महिने बरे गेले. मग बाबांची पाठ धरली. स्कॅनमध्ये मणक्यांत आजार होता, यकृतातही होता. बाबा दिवसातले अठरा तास झोपायला लागले. सूपचे दोन चमचे, पावाचा एक तुकडा, बस. मॉर्फिनच्या औषधानं दुखणं बऱ्यापैकी काबूत होतं, पण कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मला ऐकवत नव्हता.

मी ठरवलं, पाठीला रेडिएशन द्यायचं. पाच खेपा.

हे मी कशी ठरवू शकले, याचा मी पुढे खूप विचार केला. किरणांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ज्याच्याकडे महिनाही उरलेला नाही त्याला रेडिएशन देऊ नये, त्याच्या वाट्याला नुसती दगदग येते... हे आधीच्या एका अभ्यासात मीच लिहिलं होतं. आकड्यांसकट छापून आलं होतं. लोक ते वाचून आपापल्या पेशंटच्या खेपा थांबवत होते. आणि बाबांच्या बाबतीत मी मनाशी म्हणत होते, महिना नाही, तीन महिने आहेत. कशावरून? तर, माझे बाबा आहेत यावरून. मोठे सर नको म्हणत होते. मी त्यांच्या खोलीत जाऊन हटून बसले, तेव्हा ते कबूल झाले.

ब्रदरनं विरोध केला नाही. फक्त विचारलं, "बाबांना विचारलंत?"

मी तिथल्या तिथे विचारलं. पलंगाच्या कडेला बसून, हातात हात घेऊन. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तू म्हणशील तसं. ने तुझ्या मशीनकडे."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं - बघा, होकार आहे. त्यानं मान खाली घातली.

पाच दिवस बाबांना स्ट्रेचरवरून घराचे तीन मजले उतरवलं आणि चढवलं. अँब्युलन्सचा खडखडाट. तळघरातलं ते कडक टेबल. त्यावर पाठ टेकून निश्चल पडायचं. ज्याला उशांच्या ढिगाशिवाय झोपता येत नव्हतं, त्यानं. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. मी रोज विचारायचे, बाबा, किती? ते म्हणायचे, चार. मी मनात म्हणायचे, उतरतंय.

पाचवी खेप झाली, त्यानंतर अकराव्या दिवशी बाबा गेले.

सकाळचे दहा वाजले होते. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बाबांचा श्वास थांबून थांबून यायला लागला. त्याचा वार नव्हता तो, तरी तो आला होता. मी घरभर स्टेथोस्कोप शोधत होते. सापडला, मी धावत आले, कानाला लावला... आणि त्यानं तो माझ्या कानांवरून हळूच काढून घेतला.

"आता नको," तो म्हणाला. "आता तू डॉक्टर नाहीस. बस इथे. त्यांचा हात धर."

मी बसले. बाबांचा हात धरला. तो मागे उभा होता, आणि मला बाहेर काढणारं कुणी नव्हतं. वीसएक मिनिटं गेली असतील. मग खालचं पाणी बंद झालं, आणि मला कळलं की मी बऱ्याच वेळापासून नुसता तोच आवाज ऐकतेय.

त्यानं मला 'तू' म्हटलं, हे मला दोन दिवसांनी आठवलं.

मी रडले नाही. सगळं आटपलं, माणसं येऊन गेली, बाबांचे कपडे कपाटात तसेच राहिले आणि मी कामावर रुजू झाले. तो एकदा येऊन बसून गेला. घाई कुणालाच नव्हती, आता वाट मोकळी होती. निदान मला तसं वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात माझा अभ्यास संपत आला. शेवटची मोजदाद करायला मी पॅलिएटिव्हच्या कचेरीतून पेशंटच्या बंद झालेल्या वह्या मागवल्या. त्या गठ्ठ्यात बाबांचीही वही होती. ती अभ्यासातली नव्हती, चुकून आली असावी. उघडायला नको होती. मी उघडली.

पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशीचं पान. मुंगीच्या पावलांचं अक्षर. 'शेरा: मुलगी समोर असताना उपचाराला होकार. ती बाहेर गेल्यावर म्हणाले, मला कुठेही जायचं नाही, इथेच पडून राहणं बरं आहे. पण ती डॉक्टर आहे, तिला हात बांधून बसता येणार नाही. नाही म्हटलं तर जन्मभर मनाला लावून घेईल. पाच दिवसांचं काय, जाईन. तिला सांगायचं नाही, असं वचन घेतलं.'

मी वही घेऊन तळघरातून चार मजले चढून गेले. तो बॅग भरत होता. मी वही टेबलावर ठेवली, ते पान उघडून.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"अँब्युलन्समध्ये तुम्ही शेजारी बसायचात. पाचही दिवस. आणि एका शब्दानं बोलला नाहीत."

"वचन दिलं होतं."

"मला सांगितलं असतंत तर मी थांबवलं असतं."

"म्हणूनच त्यांनी सांगू दिलं नाही."

यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, तुमचं काम म्हणजे दुसऱ्याचे हाल नुसते बघत राहणं, तेवढंच तुम्हाला येतं. तो पांढराफटक पडला. मी वही तिथेच टाकून खाली आले.

त्यानंतर शुक्रवारी फॉर्म यायचे, पण काउंटरवर. समोरासमोर आलोच तर "डॉक्टर, तुमचे कागद ठेवलेत." ते 'तुमचे' मला लागायचं. सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. फॉर्मवर नुसते आकडे असायचे. तीन. पाच. चार. शेऱ्याचा रकाना कोरा. मी दर शुक्रवारी एकेक कागद उलटून मागची बाजूसुद्धा बघायचे.

अभ्यासाचा निकाल लागला. एका खेपेनं दहा खेपांइतकंच दुखणं थांबतं. मोठ्या परिषदेत मला तो वाचायला बोलावलं. सभागृह भरलेलं होतं, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, पेशंट आकडा सांगत होते तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?

माझ्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. पण उत्तर माझ्याकडे होतं. चहाचे डाग पडलेल्या कागदांवर. सहा सांगितला, सून गेल्यावर आठ सांगितला.

परत येऊन मी जुने सगळे शेरे पुन्हा वाचले, आठ दिवस लागले. घरच्यांपुढचा आकडा आणि एकट्यानं सांगितलेला आकडा, जिथे जिथे त्यानं दोन्ही टिपले होते तिथे बहुतेकदा ते वेगळे होते. माणसं आपल्या माणसांना सांभाळून घेत होती. मरतानासुद्धा. बाबा काही जगावेगळे नव्हते. हे कळल्यावर मला आधी हायसं वाटलं, आणि मग त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी नव्या अभ्यासाचा मसुदा केला. उपचार ठरवण्याआधी पेशंटला एकट्यानं विचारायचं, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही बाहेर ठेवून. हे डॉक्टरनं करायचं काम नव्हतं. मसुद्यात संशोधक म्हणून दोन नावं घातली. दुसऱ्या नावाच्या माणसाला विचारणं बाकी होतं.

मेट्रननी घड्याळ पाहून सांगितलं, तो या वेळी कुठल्या इमारतीत असेल. जुनी, लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून सफरचंद खात होता, दोन भेटींच्या मधलं जेवण. मला पाहून उठायला लागला. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले, म्हणून तोही बसला.

मी मसुदा दिला. त्यानं तो सावकाश वाचला. आपल्या नावाशी थांबला.

"मी तेव्हा जे बोलले..." मी म्हटलं.

"खोटं नव्हतं ते पूर्ण. मी बघतच राहिलो होतो." त्यानं कागदाची कड सरळ केली. "वचन मोडायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. रोज विचार करतो. शेरे लिहायचे बंद केले ते रागानं नाही. हात पुढे जाईना. वाटायचं, लिहून ठेवतो आपण आणि करत काहीच नाही."

"तू मोडलं असतंस तर..." मला थांबावं लागलं. "तर बाबा माझ्यासाठी जे करत होते ते मी त्यांच्या हातून काढून घेतलं असतं. त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच उरलं होतं."

वरून कुणाच्यातरी घरातल्या रेडिओचा आवाज येत होता.

"मला खरा आकडा सांग," मी म्हटलं. "शेवटच्या खेपेच्या दिवसाचा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको, हे त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. या वेळी त्यानं सांगितलं.

"नऊ. म्हणाले, तिला चार सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका."

मी मान हलवली. खूप वेळ नुसती मान हलवत राहिले. त्यानं हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला, दाबला नाही, थोपटला नाही. फक्त ठेवला. त्याला हे येत होतं.

"मी शुक्रवारी जिन्यात थांबायचो," तो म्हणाला. "तू तळघरात आहेस की नाही, बघून मग फॉर्म ठेवायचो."

"मी असताना ठेवायचास, की नसताना?"

"नसताना. असताना ठेवायची छाती नव्हती." मग थांबून, "मला अजून तिथेच उभं राहायचंय. त्या स्वयंपाकघरात. पावणेपाचनंतर."

"मग ये ना," मी म्हटलं. "मी दोन कप विकत घेतलेत नवे. जुन्यांतून मला चहा जात नाही."

एवढंच बोललो आम्ही. यापेक्षा मोठे शब्द दोघांनाही सापडले नाहीत, आणि शोधावेसेही वाटले नाहीत.

त्यानं घड्याळ पाहिलं. चौथ्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांची वेळ झाली होती. वीस मिनिटं लागतील म्हणाला, कधीकधी तासही लागतो. मी म्हटलं, थांबते. मसुदा बॅगेत घालून तो पायऱ्या चढत गेला. वर दार उघडलं, आजी उशीर झाला म्हणून कुरकुरल्या, त्याचा हसण्याचा आवाज आला, आणि दार लागलं.

आणि मग मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाबांसाठी, नऊसाठी, त्या कडक टेबलासाठी. भिंतीला डोकं टेकून मी रडत राहिले. खालून एक बाई सामानाच्या पिशव्या घेऊन चढत आल्या, माझ्यापाशी थांबल्या. पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, काय झालं, कुणाकडे आलीस?

"माझं माणूस वर गेलंय," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आले. बाईंनाही आले असावेत, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांना समजावून सांगायला गेले नाही. त्यांनी समजून घेतलं ते खरंच होतं.

थोड्या वेळानं वरचं दार उघडलं आणि जिन्यात पावलं वाजायला लागली. मी डोळे पुसले, आणि उतरून येणाऱ्या माणसासाठी पायरीवर सरकून जागा केली.